बंडीवर कोणता इतिहास लादायचा?

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फिरत्या प्रदर्शनाची गाडी कोणाची, तंबू कोणाचा, वर्गणी किती, यावर सकाळपासून भरपूर बोलणे झाले. गाडी ठरली, तंबू ठरला. त्यात मांडायचे काय, हे ठरलेले नाही. आपल्या लोकांची ही जुनी रीत आहे, मांडव आधी पडतो आणि नवरदेवाचा शोध मागून सुरू होतो.

तालुक्यांतून सूचनांच्या चिठ्ठ्या आल्या, त्या आम्ही सगळ्या वाचल्या. सर्वांत जास्त चिठ्ठ्या शिवाजी महाराजांसाठी आहेत. त्याखालोखाल गाविलगड आणि नरनाळा. मग गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, भाऊसाहेब पंजाबराव देशमुख. पाच-सहा जणांनी नुसते 'जुनी अवजारे' असे लिहिले आहे. आणि एक चिठ्ठी बिनसहीची आहे, तिच्यात एवढेच म्हटले आहे की आमच्या गावचे काही असेल तर या, नाही तर येऊ नका. चिठ्ठी लिहिणारा इथे बसला असेल तर त्याने ओशाळे व्हायचे कारण नाही. आजच्या बोलण्याचा धागा आम्ही त्याच चिठ्ठीतून घेतला आहे.

प्रदर्शने काही आपल्याला नवीन नाहीत. दिल्लीत १९५९ च्या डिसेंबरात जागतिक कृषी प्रदर्शन भरले, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्यासाठी आले होते. ते भरवले भारत कृषक समाजाने, आणि तो समाज उभा केला आपल्या पापळच्या भाऊसाहेबांनी, १९५५ साली. वऱ्हाडच्या माणसाने राजधानीत जगाची शेती आणून उभी केली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या प्रदर्शनात शेतकऱ्याने करायचे काय होते? पाहायचे होते. परदेशची यंत्रे पाहायची, थक्क व्हायचे आणि घरी जायचे. अकोल्याला कृषी विद्यापीठात डिसेंबरात भाऊसाहेबांच्या जयंतीला प्रदर्शन भरते, तिथेही आपण वाण आणि औजारे पाहून येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एक बसच संग्रहालय करून शाळा-गावांकडे धाडली. काम मोलाचे आहे. हडप्पाचे मडके पोरांच्या डोळ्यांसमोर आणणे सोपे नाही. मात्र वस्तू त्यांच्या, म्हणून विषयही त्यांचे, हे साहजिकच आहे. आपल्याजवळ हडप्पाचे मडके नाही, तेव्हा आपल्याला विषय दुसरीकडे शोधावा लागतो.

आम्ही एक साधी कसोटी धरली. तंबूत आलेल्या माणसाला ज्या विषयावर आपल्यापेक्षा जास्त सांगता येते, तो विषय घ्यायचा. ज्या फलकापुढे म्हातारा नुसते हात जोडून पुढे सरकेल, तो फलक कितीही देखणा असला तरी आपल्या कामाचा नाही. हात जोडायला देऊळ आहे.

म्हणून शिवाजी महाराजांबद्दल आमचे म्हणणे असे की, तसबीर प्रत्येक घरात आहे, तंबूत आणखी एक लावून काही साधणार नाही. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना जे पत्र लिहिले, रयतेच्या दाण्याला, वैरणीला, भाजीपाल्याला हात लावू नका म्हणून बजावले, ते पत्र मोठ्या अक्षरात लावा. लष्कर पोसायचे ते लुटून नव्हे, पैसे देऊन बाजारातून घ्यायचे, हे राज्यकर्त्याने लिहून ठेवलेले आहे. पुढचे बोलणे लोक आपणहून करतील.

गाविलगडाचेही तसेच. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, म्हणजे आपल्या तेल्हारा तालुक्यात. १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसले हरले, इंग्रज जिंकले, हे शाळेतल्या पुस्तकात असते. पण नोव्हेंबरअखेर आपल्या शेतात काय उभे असते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. हजारो घोडी, हत्ती, बैल आणि माणसे त्या उभ्या पिकातून गेली. त्याच सुमारास या मुलखात दुष्काळही होता. अडगावच्या शिवारातल्या माणसाला या बाजूने लढाई दाखवा. तोफांची चित्रे लावायची हौस असेल तर एक लावा.

आता कापूस. यावर आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, कारण आपला सगळा इतिहास या बोंडात आहे.

रेल्वे यायच्या आधीही अमरावतीचा कापूस दूरदूर जात होता, बैलांच्या पाठीवर. जुने गॅझेटियर सांगते की १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून सडकेने कलकत्त्याला पाठवला. एक लाख बैल! हे तांडे हाकणारे बंजारा होते. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि तांड्यांचा धंदा बसला. आज आपल्या तालुक्यांत जे तांडे आहेत, त्यांतल्या म्हाताऱ्यांना हा फलक दाखवा आणि तुमच्यात काय सांगतात असे विचारा. शाळेत रेल्वे म्हणजे प्रगती असे शिकवले. कोणाची प्रगती, कोणाची उपासमार, हे एकाच फलकावर येऊ द्या.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला उमरावतीवरून पडलेले नाव होते, 'ऊमरा'. भाव चढला तेव्हा ज्वारीच्या रानात कापूस शिरला. युद्ध संपले, भाव पडला, पण कापूस रानातून गेला नाही, कारण सारा आणि सावकार रोखीत मागत होते. हे आमचे अर्थशास्त्र नाही, तुमच्या पणजोबांचा हिशेब आहे.

आणि इथे एक फलक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी आपल्याकडे 'बनी' नावाचा कापूस होता, मऊ, लांब धाग्याचा. त्याच्या जागी हळूहळू 'जरी' आला, आखूड आणि खरबरीत. इंग्रज अधिकाऱ्यांनी कागदच्या कागद लिहिले, वऱ्हाडचा शेतकरी कापूस बिघडवतो, भेसळ करतो, त्याला अक्कल शिकवली पाहिजे. त्यासाठी कापूस कमिशनर नेमला, बाहेरची बियाणी लावून पाहिली. साधी गोष्ट अशी होती की जरीला उतारा जास्त होता, रुई जास्त निघत होती, आणि बनीच्या लांब धाग्यासाठी शेतकऱ्याला पुरेसा जादा भाव कोणी देत नव्हते. चांगल्या मालाचे दाम न देता चांगला माल मागणे, हा रोग तेव्हापासूनचा आहे. शेतकरी अडाणी होता म्हणून त्याने जरी लावला नाही, हिशेबी होता म्हणून लावला.

याच फलकाच्या शेजारी १० जून २०१९ ठेवा. अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी सरकारची मान्यता नसलेले तणनाशकरोधक कपाशीचे बियाणे उघडपणे लावले, गुन्हे दाखल झाले. आपण कोणत्या बाजूचे, हे काही लपलेले नाही. तरीही आमचा आग्रह आहे की सरकारचा नियम काय होता आणि त्याला आधार काय दिला जातो, हे त्याच आकाराच्या अक्षरात लिहावे. बियाण्यावर विश्वास नसलेला शेतकरीही तंबूत येणार आहे. त्याला हुसकून लावायला आपण गाडी काढलेली नाही. प्रश्न एकच आहे, बी कोणी निवडायचे. आणि तो दीडशे वर्षांचा आहे हे त्याने पाहावे, मग भांडावे.

बाजाराचेही असेच आहे. बाजार समिती ही आपल्या भल्यासाठी स्वातंत्र्यानंतर आली, असे पुष्कळांना वाटते. नियंत्रित बाजार हिंदुस्थानात पहिल्यांदा भरला तो कारंज्याला, १८८६ साली. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत तो अकोल्यातच होता. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. हा कायदा कोणाच्या सोयीसाठी होता? स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस बेताच्या भावात मँचेस्टरला मिळावा, हा त्यातला एक मोठा हेतू होता. शेतकऱ्याला काही फायदा झालाच नाही असे आम्ही म्हणणार नाही, उघड लिलाव आणि खरे वजन ही थोडी गोष्ट नव्हे. पण आजच्या यार्डात जो उभा राहतो, त्याला कळू द्या की हे दार प्रथम कोणासाठी बसवले होते.

त्याच रांगेत एकाधिकार खरेदी. १९७१ चा कायदा, १९७२ पासून योजना, आणि २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्याला दार उघडेपर्यंत आपला कापूस आपल्याला राज्याबाहेर विकता येत नव्हता. वरूड, परतवाडा, धारणी, या सीमेकडच्या भागांतल्या माणसांना विचारा, रात्री बंडी कोणत्या पांदणीने जायची. हद्दीपलीकडे भाव जास्त, अलीकडे कमी, आणि स्वतःच्या घामाचा माल नेणारा चोर. ज्यांची पोरे आज चाळिशीची आहेत, त्यांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. इतिहास म्हणजे काही तीनशे वर्षांपूर्वीचेच असते असे नाही. पाच-सात म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्या. नाव घालायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.

कर्जाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते पुण्या-नगरकडे बघतात. १८७५ ला सुप्याला सावकारांची खाती जाळली, १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. हे सगळे सांगावेच. पण तो कायदा वऱ्हाडाला लागू नव्हता आणि वऱ्हाडाचे कर्जही वेगळ्या थाटाचे आहे. भावांनो, आपला तर अख्खा मुलूखच कर्जापायी गहाण पडलेला आहे! निजामाच्या नावावर कंपनीच्या फौजेच्या खर्चाचे कर्ज चढले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती लावून दिला. १९०२ साली कायमचा मक्ता झाला, सालाचे पंचवीस लाख रुपये. आपल्या बांधावरची जमीन मक्त्याने देताना जसे बोलणे होते, तसेच. फरक इतकाच की वऱ्हाडातल्या कोणाला कोणी विचारले नाही. हा फलक गहाणखताच्या नमुन्यात काढा, गहाण ठेवणार अमुक, गहाण घेणार अमुक, मालमत्ता वऱ्हाड.

गाडगेबाबांवर आलेल्या चिठ्ठ्यांत झाडू आणि खापर आहे. असू द्या. पण डेबू नावाचा पोर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या शेतावर राबला आणि ते शेत सावकाराच्या घशात गेले, हा भाग चिठ्ठीत कोणी लिहिला नाही. बाबा पुढे कीर्तनातून कर्ज काढू नका म्हणून जीव तोडून सांगत. ते नुसत्या उपदेशाने आलेले नव्हते. बाबांच्या कामाची सुरुवात ज्या यात्रेपासून झाली, ती पूर्णेकाठची ऋणमोचनची. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. गावाचे नावच ऋणमोचन! कर्जाचे फलक तिथे लावायचे नाहीत तर कुठे लावायचे?

याच ठिकाणी एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. तीन चिठ्ठ्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचे फोटो लावा, असे आहे. भावना समजते. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले ते विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. म्हणजे सरकारनेही हे मानले होते. तरी आमचे मत स्पष्ट विरोधी आहे. गाडी ज्या गावात जाणार, त्याच गावात त्या माणसाची बायको आणि पोरे राहतात. तिने यात्रेत यावे आणि तंबूच्या कापडावर नवऱ्याचा फोटो लटकलेला पाहावा, हे आपल्याला चालणार आहे काय? वर्तमानपत्रवाले येऊन फोटो काढून गेले, पुढारी येऊन गेले, आता आपणही? फोटो नाही, नाव नाही. त्या-त्या वर्षीचा कापसाचा हमीभाव, खताच्या पोत्याचा भाव, मजुरी आणि पीककर्जाचा व्याजदर, एवढे चार आकडे सरकारी कागदावरून उतरवा आणि शेजारी कोरा फलक ठेवा. ज्या घराला काही लिहावेसे वाटेल ते लिहील. यावर मतभेद असतील तर आज इथेच भांडून घेऊ, गावात जाऊन नको.

दुष्काळाचा एक फलक हवा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. शिरगणतीत वऱ्हाडची माणसे १८९१ ला सुमारे एकोणतीस लाख होती, १९०१ ला साडेसत्तावीस लाख भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी दीड लाखाच्या जवळपास घटली. या आकड्यापाशी पेवाचे चित्र काढा. ज्वारी साठवायचे जमिनीतले पेव आजच्या पोरांनी पाहिलेले नाही. कुठे जुन्या वाड्यात बुजलेले पेव असेल तर मालकाची परवानगी घेऊन मोजमाप आणा. कापूस खाता येत नाही, हे पेवाचे तोंड पाहून जितके कळते तितके भाषणाने कळत नाही.

आता खारपाणपट्टा. १३ एप्रिल १९३० ला अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र इथून शेकडो मैल लांब, मग मीठ कशाचे केले? विहिरीच्या पाण्याचे. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी ही मंडळी त्या चळवळीत होती. गांधीजी दांडीला मूठभर मीठ उचलतात ते चित्र सगळ्यांना ठाऊक आहे, दहीहंड्याची विहीर ठाऊक नाही. आणि ज्या पाण्याने इंग्रजांचा कायदा मोडला, त्याच पाण्याने आपली जमीन नासते, ओलीत करता येत नाही, पोटात दगड होतात म्हणून लोक तक्रार करतात. स्वातंत्र्याचा इतिहास आणि ओलिताचे गाऱ्हाणे एकाच विहिरीत सापडते, असा दुसरा विषय आम्हाला तरी माहीत नाही. याला खर्च काही नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून एकेक बाटली पाणी आणा, बाटलीवर गावाचे नाव आणि विहिरीची खोली लिहा, रांगेने मांडा.

शकुंतला गाडीवर पुष्कळ चिठ्ठ्या आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, खासगी कंपनीची चिंचोळी लाईन, १९९४ च्या एप्रिलपर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली आणि आता बंद पडलेली. फलक एक पुरे. हळहळ करण्यात दिवस जातो, ती कापूस न्यायला टाकली होती हे लिहिले म्हणजे झाले.

बायांचा इतिहास वेगळ्या कोपऱ्यात नको, हे आमच्या मायबहिणींनी मागच्या खेपेला बजावले आहे आणि ते बरोबर आहे. कापूस वेचतात बाया, निंदतात बाया, पहिल्या वेच्याला सीतादही करतात बाया. सातबारावर नाव पुरुषाचे. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत ज्यांनी बायकोच्या नावाने जमीन केली, त्या घरांत पुढे काय झाले? जमीन तिच्याच नावे राहिली काय, की मुलांच्या वाटणीत गेली? हा फलक आपल्याला अडचणीचा ठरू शकतो. म्हणूनच तो लावावा, आपल्या चळवळीचाही हिशेब लोकांनी पाहावा.

मेळघाटाबद्दल थोडे. धारणी-चिखलदऱ्याकडे गाडी नेऊ असे ठरले आहे. तिथे आपल्या कापसाचे फलक घेऊन जाण्यात अर्थ नाही. जंगल राखीव कसे झाले, १९७४ पासून वाघांच्या प्रकल्पात गावे कशी उठली, हे कोरकू माणसांनी कोरकूत सांगायचे आहे. पहिल्या खेपेला तिथे रिकामा तंबू आणि ऐकणारी दोन माणसे न्या.

मांडणीबद्दल फार बोलत नाही. यात्रेत माणूस एका फलकापुढे अर्धा-पाऊण मिनिट उभा राहतो, त्याच्या खांद्यावर पोर असते. तेव्हा एका फलकावर चाळीस-पन्नास शब्दांहून जास्त नको, अक्षर दहा फुटांवरून वाचता आले पाहिजे, आणि प्रत्येक रांगेपाशी वाचून दाखवणारा माणूस पाहिजे, शक्यतो वऱ्हाडी बोलणारा. 'सदरहू' आणि 'तत्कालीन' हे शब्द दिसले की खोडा. लोकांची अवजारे, बाडे, दागिने मागून आणू नका. वस्तू हरवली की चळवळीचे नाव जाते. कागदाची झेरॉक्स आणि वस्तूचा फोटो पुरे. वखर, डवरा, तिफण आपल्या घरचेच आणा, ते कोणी पळवणार नाही.

प्रत्येक तालुक्याने चार कागद गोळा करायचे आहेत: एकाधिकारच्या काळातली कापसाच्या चुकाऱ्याची पावती, जुने गहाणखत किंवा सावकाराची चिठ्ठी, बाजार समितीची जुनी काटापट्टी, आणि बाईचे नाव असलेला सातबारा. झेरॉक्सवर नाव-गट नंबर झाकून मगच द्यावी. पौषाच्या पहिल्या रविवारी ऋणमोचनला तंबू उभा राहायचा आहे, तिथून बहिरमच्या यात्रेत. फलक रंगवायला तीन आठवडे लागतात, त्या हिशेबाने कागद पोचवा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, भातकुलीच्या कार्यकर्त्यांसाठी दारापाशी रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवले आहे. जाताना आपापल्या गावांच्या मोजून घ्या, आणि भरताना नळाचे पाणी भरू नका.